महाटेंडर्स पोर्टल: निविदा कुठे सुरक्षित राहते आणि कुठे बाद होते

नाशिक जिल्ह्यात सरकारी बांधकामात उतरायचं तर शेवटी एकाच दारातून जावं लागतं. महापालिकेचा कॉलनी रस्ता असो, जिल्हा परिषदेच्या शाळेची वर्गखोली असो, पेठ-सुरगाण्याकडची मोरी असो किंवा कालव्याची दुरुस्ती, ई-निविदा भरायची ती महाटेंडर्सवर. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केलेल्या जीईपीएनआयसी प्रणालीवर हे पोर्टल चालतं. देशातली इतर अनेक राज्यंही हीच प्रणाली वापरतात. इथे हात बसला की शेजारच्या राज्यातली निविदाही फारशी परकी वाटत नाही.

निष्कर्ष आधीच सांगतो. तुमचा दर उघडण्याच्या क्षणापर्यंत कुणालाही कळू नये, हे पोर्टलचं मुख्य काम ते चोख करतं. छोट्या ठेकेदाराच्या निविदा बाद होतात त्या पोर्टलच्या आजूबाजूला: डिजिटल सहीचं डोंगल, पैसे भरण्याचं चलन, एक्सेलची फाइल, लिफाफा क्रमांक १ मधला, म्हणजे कागदपत्रांच्या तांत्रिक लिफाफ्यातला, एखादा दाखला, आणि निविदेत घातलेल्या शर्ती. म्हणून या परीक्षणात पोर्टल आणि त्यामागचे नियम दोन्ही घेतले आहेत. नियम बाजूला ठेवून नुसत्या पोर्टलबद्दल बोललं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

आधी जे चांगलं आहे ते. कागदी निविदांच्या काळात कोरा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावा लागे. त्यामुळे कोण कोण भरणार हे पेटीपर्यंत पोचण्याआधीच सगळ्यांना कळलेलं असे, आणि पुढचे फोन, अडवणूक, ‘या वेळी सोडून दे’ हे सगळं त्यातूनच येई. महाटेंडर्सवर निविदेची कागदपत्रं लॉगिन न करताही मोफत उतरवता येतात. तुम्ही अपलोड करता ती फाइल तुमच्याच संगणकावर कुलूपबंद होऊन जाते, आणि तिचं कुलूप निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल प्रमाणपत्रांनीच उघडतं. एका अधिकाऱ्याला एकट्याने ती उघडता येत नाही; किमान दोघांचे टोकन, म्हणजे डिजिटल सहीचे डोंगल, लागतात, आणि बहुतेक निविदांत ‘चारपैकी दोन’ अशी नावं दिलेली असतात. ती चार का, तर मधेच एखाद्याची बदली झाली किंवा प्रमाणपत्र संपलं तर उघडणं अडू नये. दोनपैकी दोन अशी रचना दिसली, तर लिफाफा उघडायला उशीर होऊ शकतो हे धरून चाला.

आता तुमच्या बाजूचं टोकन. क्लास ३ चं डिजिटल सही प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात सही आणि एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करण्याचं) अशी दोन्ही प्रमाणपत्रं हवीत. एजंट स्वस्तातलं म्हणून फक्त सहीचं देतो आणि ते पहिल्याच अपलोडला अडतं; घेतानाच ‘कॉम्बो’ असं सांगा. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना पैसे खर्चून कळते. एकदा एका खात्याला जोडलेलं डोंगल दुसऱ्या खात्याला जोडता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतं. स्वतःच्या नावाची मालकी फर्म आणि भावाबरोबरची भागीदारी अशा दोन नोंदण्या असतील तर दोन वेगळी टोकन घ्यावी लागतात. भागीदारीत ज्याच्या नावाचं टोकन, त्याच्याच नावे कुलमुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र लिफाफा १ मध्ये असायला हवं. सही एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, या एका कारणावर तांत्रिक छाननीत फाइल बाजूला पडते.

संगणकाच्या बाबतीत पोर्टल जुन्या वळणाचं आहे. विंडोज, टोकनचा ड्रायव्हर, सही करणारी सायनर युटिलिटी, त्यात पुन्हा अँटिव्हायरस. यातलं एक जरी रुसलं तरी ‘प्रमाणपत्र सापडलं नाही’ असा संदेश येतो आणि नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. मोबाइलवर निविदा पाहता येते, भरण्याचा नाद करू नका. नाशिकला सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) आसपास किंवा शरणपूर रोडला निविदा भरून देणारे आहेत, कामही नीट करतात. पण डोंगल आणि त्याचा पिन त्यांच्याकडे ठेवून येणं धोक्याचं आहे. ती तुमची सही आहे, आणि तेच दुकान तुमच्या स्पर्धकाचीही निविदा भरत असतं. समोर बसून भरा, डोंगल काढून खिशात घाला.

शोधण्याची सोय ठीक आहे. कार्यालयानुसार, ठिकाणानुसार, बंद होण्याच्या तारखेनुसार यादी निघते. प्रत्येक वेळी कॅप्चा भरावा लागतो आणि कामाचं नाव कार्यालयाने जसं टंकलं असेल तसंच सापडतं. ‘त्र्यंबकेश्वर’चं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं दिसेल, तेव्हा नावापेक्षा कार्यालयाच्या यादीतून शोधलेलं बरं. काम पसंत पडलं की लॉगिन करून ते ‘माय टेंडर्स’मध्ये घ्या. नुसतं बाहेरून उतरवून घेतलं तर शुद्धिपत्रक निघाल्याचा ईमेल तुम्हाला येणार नाही. ‘माय टेंडर्स’मध्ये घेतलेल्यांनाच तो येतो. शुद्धिपत्रकात तारीख वाढते, शर्त बदलते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कधी बीओक्यूची, म्हणजे कामाच्या बाबी आणि दर भरण्याची, फाइलच बदलते. जुन्या बीओक्यूत भरलेला दर चालत नाही. आधीच भरून ठेवली असेल तर नवी फाइल घेऊन पुन्हा भरावी लागते. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी शुद्धिपत्रकाचा रकाना उघडून पाहणं हे कामच आहे असं समजा.

पैसे भरणं हा भाग पोर्टलने सुधारलेला आहे, फक्त वेळेचं भान हवं. निविदा शुल्क आणि बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, स्टेट बँकेच्या गेटवेतून ऑनलाइन जाते. नेटबँकिंगने लगेच नोंद होते. आरटीजीएस किंवा एनईएफटीचा मार्ग घेतला तर त्या निविदेपुरतं चलन निघतं. त्यातला खाते क्रमांक त्या चलनापुरताच असतो, आणि रक्कम पैशापर्यंत तंतोतंत तीच पाठवावी लागते. बँकेतल्या माणसाने गोल करून पाठवली किंवा जुन्या चलनावरचा क्रमांक वापरला, की रक्कम परत फिरते आणि तोवर मुदत गेलेली असते. एक कामकाजाचा दिवस हातात ठेवून भरा, दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा विचार करा. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात ते परत येतात. मित्राच्या खात्यातून ईएमडी भरली तर परतावाही मित्राकडेच जाणार. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची, नोंदणी दाखवली की ईएमडी माफ, हा समज काढून टाका. केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण केंद्रीय खात्यांच्या आणि उपक्रमांच्या वस्तू-सेवा खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला ते लागत नाही. त्या त्या निविदेत स्वतंत्र सूट लिहिली असेल तरच ती मिळते.

बीओक्यूच्या फाइलवर थांबू, कारण सगळा खेळ तिथे आहे. एक्सेलची ही फाइल मॅक्रोवर चालते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपणहून बंद करायला सुरुवात केली. फाइल उघडते, पण रकाने मेलेले असतात. उपाय साधा आहे: फाइल बंद करा, तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, खाली ‘अनब्लॉक’ची चौकट असते तिच्यावर खूण करा, मग उघडून मॅक्रो चालू करा. फाइलचं नाव बदलू नका. डाउनलोड दोनदा झालं तर संगणक नावापुढे कंसात ‘१’ लावतो, आणि तेवढ्यानेही पोर्टल ती नाकारतं. दुसऱ्या कुठल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह करू नका, मायक्रोसॉफ्ट एक्सेलच वापरा. बोली लावणाऱ्याचं नाव भरण्याचा रकाना रिकामा ठेवू नका. वरचं ‘व्हॅलिडेट’ बटण दाबून तपासा, मग सेव्ह.

ब-१ नमुन्याच्या निविदेत, म्हणजे टक्केवारीच्या, एकाच चौकटीत तुमचं नशीब असतं. अंदाजपत्रकाचे दर आधीच भरलेले असतात. तुम्ही फक्त जादा की कमी हे निवडायचं आणि टक्के लिहायचे. ‘लेस’ निवडायच्या जागी ‘एक्सेस’ राहिलं की १२.५० टक्के बिलो ऐवजी १२.५० टक्के अबव्ह झालं. ८० लाखांच्या कामात हा फरक २० लाखांचा आहे: ७० लाखांऐवजी ९० लाख. लिफाफा उघडल्यावर ‘हाताची चूक’ म्हणून कुणी दुरुस्त करून देत नाही, आणि देऊही नये. टक्क्यांकडे न बघता खालच्या एकूण रकमेकडे बघा. ती रक्कम आधी कागदावर काढून ठेवलेली असेल तर चूक डोळ्यांत भरते. ब-२ मध्ये, बाबनिहाय दरांच्या निविदेत, उलटी काळजी: एखाद्या बाबीचा दर रिकामा राहिला तर पोर्टल तो शून्य धरतं किंवा निविदाच अपूर्ण ठरते. शंभर-सव्वाशे बाबींच्या इमारतीच्या बीओक्यूत भिंगरीसारखं खाली सरकताना नळजोडणीच्या आणि विजेच्या बाबी सुटतात, असं अनेकदा दिसतं.

सगळं अपलोड केलं, हिरवी खूण आली, म्हणजे निविदा गेली असं नाही. शेवटी ‘फ्रीझ बिड सबमिशन’ दाबायचं असतं. त्यानंतर बिड आयडी, तारीख आणि वेळ असलेली पोच निघते. ती पोच नाही तर निविदा नाही. वेळ पोर्टलच्या सर्व्हरची धरतात, ती वरच दिसत असते; तुमच्या घड्याळाला इथे अर्थ नाही. मुदतीच्या आत कितीही वेळा दर बदलून पुन्हा सादर करता येतं, आणि शेवटची आवृत्ती धरली जाते. पण ‘विथड्रॉ’ हे बटण वेगळं आहे. एकदा निविदा मागे घेतली की त्याच कामात परत उतरता येत नाही. दर सुधारायचा म्हणून ‘विथड्रॉ’ दाबणारे कायमचे बाहेर जातात. या बटणावर पोर्टलने मराठीत ठळक सूचना द्यायला हवी. निविदेच्या संचातला ब-१ चा छापील भागही बहुतांश इंग्रजीतच आहे. वीस-वीस वर्षं मैदानात काम करून पक्का झालेला माणूस या पानांपुढे परावलंबी होतो, आणि हे खटकतं.

लिफाफा १ ची कागदपत्रं स्कॅन करताना १०० डीपीआय आणि काळं-पांढरं ठेवा. रंगीत स्कॅन केलं की पन्नास पानांची फाइल मर्यादेबाहेर जाते आणि शेवटच्या तासात अपलोड लटकतं. जीएसटी, पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, उलाढालीचे दाखले ही नेहमी लागणारी कागदं ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये एकदाच चढवून ठेवता येतात, आणि प्रत्येक निविदेत तिथून उचलता येतात. ही सोय खरोखर कामाची आहे. मात्र नूतनीकरण झालेल्या दाखल्याची जुनी प्रत तिथेच पडून राहते, ती काढून टाका. सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बघून घ्या, २०१९ पासून तो लागतोच. शपथपत्राच्या मसुद्यात अजून ‘१०० रुपयांच्या मुद्रांकावर’ असं लिहिलेलं आढळतं, पण ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान ५०० चा मुद्रांक करावा लागतो. तो ५०० वर करा, १०० चा जुना कागद शोधत बसू नका.

बोलीक्षमतेचं, म्हणजे तुम्ही किती मोठं काम घेऊ शकता याचं, गणित सर्वांत जास्त निविदा बाद करतं, म्हणून ते आकड्यांत मांडतो. सूत्र असं: अ गुणिले एन गुणिले २, वजा ब. ‘अ’ म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या बांधकामाच्या सर्वांत मोठ्या एका वर्षाची उलाढाल, निविदेत दिलेल्या पद्धतीने आजच्या किमतीला आणलेली. ‘एन’ म्हणजे या कामाची मुदत वर्षांत. ‘ब’ म्हणजे हातातली कामं. २ ऐवजी काही निविदांत २.५ असतो, तो त्या निविदेत पाहायचा. समजा उलाढाल दीड कोटी आणि हातातली शिल्लक कामं १ कोटी ४० लाखांची. मुदत एक वर्ष असेल तर क्षमता ३ कोटी वजा १.४० कोटी, म्हणजे १ कोटी ६० लाख. आता तेच काम सहा महिन्यांच्या मुदतीचं धरा: एन झाला अर्धा, दीड कोटीतून १.४० गेले, उरले फक्त १० लाख. माणूस तोच, यंत्रं तीच, आणि निविदा बाद.

इथेच चूक होते. ‘ब’ मध्ये हातातल्या सगळ्या कामांची शिल्लक धरायची नसते. नव्या कामाच्या मुदतीत जेवढी शिल्लक पुरी करायची आहे, तेवढीच धरायची. त्या १.४० कोटींपैकी पुढच्या सहा महिन्यांत ६० लाखांचंच काम करायचं असेल, तर क्षमता होते ९० लाख. हातातल्या कामांच्या विवरणपत्रात प्रत्येक कामासमोर मुदत आणि त्या काळात होणारी रक्कम असे स्वतंत्र रकाने करून, कार्यकारी अभियंत्याच्या दाखल्यासह ते दिलं, तर छाननी करणाऱ्याला हेच धरावं लागतं. नुसती एकूण शिल्लक लिहिली तर तो तीच धरणार. त्याचा दोष नाही. उलट बाजूने, चालू काम लपवून ‘ब’ कमी दाखवणं हा खोट्या शपथपत्राचा मामला होतो. तीच महापालिका किंवा तोच विभाग तुमचं दुसरं काम चालवत असतो, त्यामुळे ते उघडं पडतं, आणि काळ्या यादीपर्यंत जातं.

नाशिकला हे गणित आता जास्त लागतं, कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. त्यासाठीच्या कामांना २०२५ मध्ये स्वतंत्र नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणही आलं. तारीख सरकत नाही म्हटल्यावर कामांची मुदत आखूड होते, आणि आखूड मुदत म्हणजे कमी बोलीक्षमता. मुदतीपुढे कंसात काय लिहिलंय तेही वाचा: ‘पावसाळ्यासह’ की ‘पावसाळा वगळून’. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत डांबराचं काम होत नाही आणि मातीकाम चिखलात जातं. ‘नऊ महिने पावसाळ्यासह’ हे तिकडे प्रत्यक्षात साडेपाच महिने असतात, आणि उशिराचा दंड मात्र नऊ महिने संपले की सुरू.

दर किती खाली न्यावा, याचं उत्तर बाजारभावाइतकंच अतिरिक्त सुरक्षा ठेवीतही आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत प्रचलित असलेलं कोष्टक असं: १० टक्क्यांपर्यंत बिलो गेलात तर निविदेतल्या अंदाजित किमतीच्या १ टक्का. १० च्या पुढे १५ पर्यंत, प्रत्येक वाढीव टक्क्याला आणखी १ टक्का. १५ च्या पुढे प्रत्येक टक्क्याला २. म्हणजे १४ टक्के बिलोला ५ टक्के ठेव, आणि १९ टक्के बिलोला १ अधिक ५ अधिक ८, एकूण १४ टक्के. ८० लाखांच्या कामात १० टक्के बिलोला ८० हजार अडकतात, १५ ला ४ लाख ८० हजार, १९ ला ११ लाख २० हजार. ही नेहमीच्या सुरक्षा ठेवीच्या वरची रक्कम. काम मिळणार ६४ लाख ८० हजारांचं आणि त्यासाठी अकरा लाख आधीच बाजूला. बिलं वेळेवर निघाली नाहीत तर खेळतं भांडवल इथेच संपतं आणि काम अर्धवट पडतं. ही ठेव सर्वांत कमी दरवाल्याने दरांचा लिफाफा २ उघडल्यावर निविदेत दिलेल्या थोड्या दिवसांत भरायची असते. तेवढ्यात बँक हमी तयार होत नाही, शाखा व्यवस्थापकाशी आधी बोलून ठेवावं लागतं. न भरल्यास ईएमडी जप्त. कोष्टक प्रत्येक निविदेत छापलेलं असतं, त्यात फरक असेल तर त्या निविदेतलंच खरं.

हा नियम चांगला आहे, असं स्पष्ट मत आहे. आंधळेपणाने २५-३० टक्के खाली जाऊन काम घ्यायचं आणि मग खडी पातळ करायची, याला त्याने लगाम बसतो. पण त्याचा जोडीदार नियम, म्हणजे बिलं मुदतीत देण्याचं बंधन, तितकं कडक नाही. एका बाजूचीच शिस्त लागली आहे.

दर काढताना राज्य दरसूचीचे दर जीएसटीसह आहेत की वगळून, हे बीओक्यूच्या पहिल्या पानावर पाहा. १८ जुलै २०२२ पासून बहुतेक सरकारी बांधकामांवर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे. बिलातून होणाऱ्या कपाती वेगळ्या: आयकर व्यक्तीला १ आणि फर्म-कंपनीला २ टक्के, अडीच लाखांवरच्या कराराला जीएसटीचा टीडीएस २ टक्के, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का. यातले टीडीएस पुढे जमा मिळतात, उपकर मिळत नाही. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या पावत्या क्रशरवाल्याकडून त्या त्या वेळी घेतल्या नाहीत तर अंतिम बिलात ती रक्कमही कापतात. आणि चाचणी अहवालाशिवाय बिल पुढे सरकत नाही. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ची, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे, हा इथल्या ठेकेदाराचा फायदा. तरी काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचे २८ दिवस कुणाला चुकत नाहीत, ते बिलाच्या तारखेत धरा.

आता शर्ती. इथे पोर्टल हतबल आहे, कारण निविदेच्या पीडीएफमध्ये काय लिहायचं ते कार्यालय ठरवतं. स्पर्धा मारायची असेल तर ती इथे मारली जाते. ठरावीक अंतरात स्वतःच्या मालकीचाच डांबर प्लांट हवा, भाडेकरार चालणार नाही. ‘समान स्वरूपाचं काम’ म्हणजे एकाच करारात रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि दिशादर्शक फलक तिन्ही केलेले असावेत. दहा गावांची दहा कामं एकत्र बांधून एकच मोठं पॅकेज करायचं, की तालुक्याचा ठेकेदार आपोआप बाहेर. आणि सर्वांत घातक म्हणजे कार्यालयाकडून स्थळपाहणीचा दाखला घेऊन जोडण्याची अट. जागा पाहणं आवश्यकच आहे, पण दाखला मागायला गेलेला प्रत्येक जण आपलं नाव सांगून येतो. ज्या गुप्ततेसाठी एवढी एन्क्रिप्शनची यंत्रणा उभी केली, ती एका कागदाने संपते. भरणाऱ्यांची यादी आधी कळली की दर संगनमताने ठरवायला फोनच पुरतो. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ खाली असं संगनमत बेकायदेशीर आहे, मात्र सिद्ध करणं अवघड. स्थळपाहणीसाठी स्वतः काढलेला, ठिकाण आणि तारीख दाखवणारा फोटो पुरेसा धरावा, ही मागणी रास्त आहे.

अशी अट दिसली तर बोलण्याची जागा निविदापूर्व बैठक. तोंडी बोलून उपयोग नाही. बैठकीआधी लेखी पत्र द्या, आवक शिक्का घ्या, ईमेलही पाठवा. पत्रात अट क्रमांक, तिच्यामुळे किती जण बाहेर पडतात त्याचं कारण आणि पर्यायी मजकूर लिहा. ‘अट अन्यायकारक आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. पहिल्या मागणीत, म्हणजे निविदा पहिल्यांदा मागवल्यावर, तीन वैध निविदा आल्या नाहीत तर साधारणपणे फेरनिविदा निघते, म्हणून कडक अटींच्या कामात दुसऱ्या मागणीवर लक्ष ठेवणं फायद्याचं ठरतं.

ठरावीक मर्यादेखालची छोटी कामं या पोर्टलवर येत नाहीत. ती काम वाटप समितीतून मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक टक्केवारीने वाटली जातात. मर्यादेत बसवायला मोठ्या कामाचे तुकडे पाडणं नियमाला धरून नाही.

महाराष्ट्राच्या चौकटीतली मोठी उणीव कायद्याची आहे. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे सगळा डोलारा शासन निर्णयांवर आणि बांधकाम नियमावलीवर उभा आहे. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेल्या ठेकेदाराला ठरावीक दिवसांत अपील ऐकणारा स्वतंत्र अधिकारी या चौकटीत नाही. उरतो उच्च न्यायालयाचा दरवाजा, आणि तोही अरुंद. १९९४ च्या टाटा सेल्युलर आणि २००७ च्या जगदीश मंडल या निकालांपासून सर्वोच्च न्यायालयाने धरलेली भूमिका अशी की निर्णयप्रक्रिया मनमानी किंवा दुष्ट हेतूची असेल तरच हात घालायचा, कोणाची निविदा बरी हे न्यायालय ठरवणार नाही. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात तर पायाभूत कामांना स्थगिती देण्याऐवजी नुकसानभरपाईकडे पाहावं असं म्हटलं. ५० लाखांच्या कामासाठी मुंबईला रिट लढवणं छोट्याला परवडत नाही, हे उघड आहे.

म्हणून तांत्रिक लिफाफा उघडल्यापासून आर्थिक लिफाफा उघडेपर्यंतचे दिवस महत्त्वाचे. आक्षेप याच काळात जायला हवा. दर उघडल्यावर दिलेल्या पत्राला ‘हरलेल्याची तक्रार’ एवढीच किंमत राहते. पोर्टलवर लॉगिन करून तांत्रिक छाननीचा सारांश पाहता येतो, कोण पात्र, कोण अपात्र आणि कारण काय. कारणाच्या जागी काही कार्यालयं अर्ध्या ओळीचं ‘अटी पूर्ण नाहीत’ लिहून सोडतात. अशा वेळी त्याच दिवशी पत्र देऊन कोणती अट, कोणतं पान हे विचारा, आणि तुमच्या अपलोड केलेल्या कागदाचा पान क्रमांक त्यात नमूद करा. म्हणूनच लिफाफा १ च्या प्रत्येक पानावर अपलोड करण्याआधी क्रमांक टाकलेले हवेत.

दर उघडल्यावरचा तुलनात्मक तक्ता हा पोर्टलचा सर्वांत उपयोगी भाग आहे. सगळ्यांची नावं आणि दर एका पानावर येतात. एकाच कार्यालयाचे असे तक्ते ओळीने पाहिले की तिथे साधारण किती बिलोला कामं जातात, कोण कुठल्या तालुक्यात उतरतो, कुठे तीनच नावं पुन्हा पुन्हा येतात आणि दर अंदाजपत्रकाला चिकटून राहतात, हे स्पष्ट दिसतं. काम शेवटी कुणाला आणि कितीला दिलं याची नोंद मात्र अनेक निविदांसमोर भरलेलीच नसते. त्यामुळे वाटाघाटीत दर बदलला का, हे बाहेरच्याला कळत नाही. ती नोंद हवी असेल तर माहिती अधिकारात स्वीकृतीपत्र, कार्यारंभ आदेश आणि तुलनात्मक तक्ता अशा तीन कागदांची नावं घेऊन, निविदा आयडीसह अर्ज करा. ‘संपूर्ण फाइल द्या’ असा अर्ज केला की पानांचा हिशेब आणि मुदत दोन्ही वाढतात.